गुहेतले बत्तीस दिवस



आपल्या शिकागोत उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात, तेव्हा पुण्यात सकाळचे आठ झालेले असतात. तिकडे आई-बाबांचा चहा होऊन गेलेला, इकडे आपण जांभया देत फोन धरलेला. मनाचा हिय्या केला, तर हे मेंदूचं घड्याळ बदलता येईल का?

आपल्याच गावातल्या एका प्राध्यापकांनी हे स्वतःवर तपासून पाहिलं होतं. त्यांचं नाव नॅथनियल क्लाइटमन, शिकागो विद्यापीठातले. तेही परदेशातून इथे येऊन स्थायिक झालेले. १९३८च्या जूनपासून ते आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन पोहोचत नाही, आणि हवा सदैव सुमारे १२ अंश सेल्सिअस. दोघांनी २८ तासांचा दिवस ठरवला: १९ तास जागायचं, ९ तास झोपायचं. म्हणजे आठवडा सहाच दिवसांचा! शरीराचं तापमान ते नियमित मोजत.

तापमानच का? कारण क्लाइटमन यांना आधीच्या प्रयोगांत दिसलं होतं, की पत्ते लावणं, गुणाकार करणं अशी कामं शरीराचं तापमान चढलेलं असताना भराभर आणि बिनचूक होतात. सहसा ते दुपारी चढलेलं असतं, रात्री उतरतं. आपली तरतरीही तशीच चढते-उतरते.

गुहेत काय झालं? विशीतले रिचर्डसन नव्या दिवसाला रुळले. ४३ वर्षांचे क्लाइटमन मात्र रुळले नाहीत; त्यांच्या शरीराने २४ तासांचा ठेका सोडला नाही. दोनच माणसांवरून नियम काढता येत नाही, पण निश्चय दोघांचाही पक्का होता, हे लक्षात घ्या.

म्हणून मंडळी, रात्री पेंगणाऱ्या जावयाला किंवा सुनेला बोल लावू नका. ख्यालीखुशाली रात्री विचारा. पण बाबांचं ऑपरेशन, गावाकडचं घर विकणं, असे विषय शनिवारी सकाळी नऊला काढा. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसात असतात. दोन्हीकडची माणसं जागी असतात, आणि जागेपणी घेतलेल्या निर्णयाचा पुढे पस्तावा कमी होतो.

भेटूया पुढच्या भागात. शुभ रात्री!