पिस्तुलाच्या म्यानाची साक्ष



काही दिवसांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले चामड्याचे एक म्यान त्यांनी पुढे ठेवले. "सत्तावन्नच्या धामधुमीत आमच्या खापरपणजोबांनी गोऱ्या साहेबाच्या कमरेचे ओढून काढलेले हे पिस्तुलाचे म्यान," ते म्हणाले. घराण्याचा सारा अभिमान त्या वाक्यात होता. अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासकाची मोठी पंचाईत होते. माणसाचे मन मोडवत नाही, आणि वस्तू तर समोर बोलत असते.

असे म्यान हाती आले, की पहिला प्रश्न हा, की ते कोणत्या हत्याराच्या मापाचे? दुसरा, ते पायी चालणाऱ्याचे की घोडेस्वाराचे? अठराव्या शतकातील युरोपीय स्वार आपली लांब पिस्तुले खोगिराच्या पुढल्या भागी, दोन बाजूंना दोन अशी अडकवीत. म्हणून ती म्याने जोडीने असत. पुढे अमेरिकेच्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात स्वार म्यान कमरेला उजवीकडे, पण पिस्तुलाची मूठ पुढे येईल असे बांधीत. उजवा हात तलवारीसाठी, तेव्हा पिस्तूल डाव्या हाताने काढायचे, असा त्याचा उलगडा सांगतात. त्याच सैन्याच्या 1912 च्या नमुन्याला फिरती कडी आहे. स्वार खोगिरावर बसला तरी म्यान मांडीच्या रेषेत राहावे म्हणून. 1916 च्या नमुन्यात ती कडी गेली. सैनिकी चामड्यातला टाका न् टाका असा गरजेपोटी पडलेला असतो.

आता आमच्या पाहुण्यांचे म्यान पाहू. त्याच्या पुढल्या कडेला एक अरुंद खिसा शिवलेला होता आणि झाकणाच्या आतल्या बाजूस एक इवलासा कप्पा. खिशात जादा गोळ्यांचे मॅगझिन ठेवायचे, कप्प्यात पिस्तूल खोलण्याचे छोटे हत्यार. ही ठेवण जर्मन सैन्याच्या ल्यूगर पिस्तुलाच्या म्यानाची. ते पिस्तूल जर्मन सैन्याने स्वीकारले 1908 साली! मागल्या बाजूचा कारखानदाराचा शिक्का पुसट झाला होता, पण भिंगाखाली 1916 हा आकडा लागला. सत्तावन्नचा प्रश्न तिथेच मिटला.

मात्र शिक्क्यालाही त्याच्या ऐपतीपेक्षा अधिक बोलायला लावू नये. म्यान केव्हा तयार झाले ते तो सांगतो. कोणी, कुठे मिळवले ते नाही. हिंदी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन 1915 अखेर फ्रान्स सोडून मेसोपोटेमियाकडे निघाल्या होत्या. घोडदळ मात्र मागे राहिले. पूना हॉर्स 1918 च्या आरंभापर्यंत तिकडे होते. शिवाय 1917 पासून हिंदी मजुरांच्या तुकड्या फ्रान्समध्ये राबत होत्या.

हे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "आमचे एक चुलत आजोबा पहिल्या लढाईत मजूर म्हणून गेले होते खरे. परत आले, पण घरात त्यांचे नाव कोणी काढीत नसे."

हे म्यान त्यांनीच आणले, असे मी म्हणालो नाही. तेवढा पुरावा नाही. पण हाती तलवार न घेता केवळ कुदळ घेऊन समुद्रापार गेलेल्या माणसाची त्या घरात इतक्या वर्षांनी आठवण निघाली. ऐकीव पराक्रमाच्या सावलीत घरचीच खरी माणसे कशी झाकून जातात, ते मला त्या दिवशी दिसले.

आपल्याही माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल. तिला पॉलिश चोपडून चकचकीत करू नका. शिक्के त्याखाली बुजतात. तिच्याबद्दलची घरातली गोष्ट कागदावर जरूर लिहून ठेवा. मात्र ती गोष्ट वस्तूला मान्य आहे का, हे आधी तिलाच विचारा.