तोहुंगा, कायदा आणि चार भिंती
न्यूझीलंडच्या माओरी समाजात मनाचे दुखणे देहापासून किंवा कुळापासून वेगळे काढून पाहण्याची रीत नव्हती. पावित्र्यापोटी घातलेला निर्बंध, म्हणजे ‘तापू’, मोडल्याने माणूस खचतो किंवा भ्रमिष्ट होतो अशी धारणा असे. अशा दुखण्याला ‘माते माओरी’ म्हणत आणि त्याचे निदान व निवारण मंत्र, वंशावळ, वनौषधी अशा विद्यांतला जाणकार, म्हणजे ‘तोहुंगा’, करीत असे.

१९०७ साली संसदेने तोहुंगांना पायबंद घालणारा कायदा केला आणि पहिल्या गुन्ह्याला २५ पौंडांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. उरेवेरा भागातील रुआ केनाना या प्रेषिताचा वाढता प्रभाव हे त्यामागचे एक कारण होते. तरीही या कायद्यात केवळ गोऱ्या सत्तेची दडपशाही पाहणे अपुरे ठरेल, कारण विधेयक मांडणारे मंत्री जेम्स कॅरल यांची आई माओरी होती, आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले माओरी डॉक्टर माउई पोमारे यांनी त्याला पाठिंबा दिला तो, तापाच्या रुग्णांना थंड पाण्यात बुडवण्यासारख्या उपचारांनी माणसे दगावत होती म्हणून. कायद्याचा खरा दोष असा की त्याने भोंदू आणि जाणकार यांच्यात भेद केला नाही. खटले थोडेच झाले, पण विद्या आडोशाला गेली, आणि १९६२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत शहरांकडे गेलेल्या माओरींची नवी पिढी तिच्यापासून बरीच दुरावली होती.

पुढच्या दशकांत मनोरुग्णालयांतील माओरींची संख्या वाढत गेली, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आरोग्याची कल्पना सभागृहाच्या चार भिंतींच्या रूपात मांडली: आत्मिक बाजू (वायरुआ), मन (हिनेंगारो), देह (तिनाना) आणि विस्तारित कुटुंब (फानाऊ), ज्यांपैकी एक ढासळली तरी घर डळमळते. या मांडणीचे श्रेय एकट्या डॉक्टरांना देण्याचा प्रघात असला तरी तिचा आशय गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी जपलेला होता. तोकानुई मनोरुग्णालयात १९८४ मध्ये ‘फाई ओरा’ हा माओरी विभाग सुरू झाला आणि रुग्णाची भाषा, त्याचे आप्त व कुळाचे रिवाज यांना उपचारांत जागा मिळाली. १९९२ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या सांस्कृतिक ओळखीचा आणि कुटुंबाशी असलेल्या नात्याचा आदर राखणे बंधनकारक केले. सक्तीच्या उपचारांचा आदेश मात्र डॉक्टरांच्या तपासणीवरून न्यायालयच देते.