आभासी सर्व्हर आणि परवान्याचे एकक : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : सर्व्हर-सॉफ्टवेअरचा परवाना नेमका कशाचा असतो, यंत्राचा, प्रतीचा की कोअरचा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा कालक्रमाने मागोवा घेतला आहे.

विवेचन : १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र व सॉफ्टवेअर यांची आकारणी वेगळी करण्याचे जाहीर केले. १९७२ मध्ये त्याच कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली आणली. तीत एका महासंगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत. २००१ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरने ही सोय सामान्य सर्व्हरवर आणली आणि ‘एक यंत्र, एक प्रत’ हे गणित मोडले. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ आर२च्या एंटरप्राइझ आवृत्तीत एका परवान्यावर चार आभासी प्रतींची मुभा दिली. विंडोज सर्व्हर २०१६ पासून गणना कोअरवर आली. त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत यंत्रातील सर्व कोअरचे, किमान १६ कोअरचे, परवाने घेतल्यावर दोनच आभासी प्रती मिळत. चार हव्या असल्यास तेवढेच परवाने पुन्हा घ्यावे लागत. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून मुदतीची वर्गणी आणली.

निष्कर्ष : तंत्रज्ञानाने सॉफ्टवेअरला यंत्रापासून मोकळे केले, मोजमापाचे एकक ठरविण्याचा अधिकार मात्र विक्रेत्याकडेच राहिला. म्हणून महाविद्यालयीन खरेदी समित्यांनी दरपत्रकातील किमतीआधी एकक तपासणे अगत्याचे ठरते.