लहान अणुभट्टी म्हणजे केवढी?

नाकाडोंगरी माझं आजोळ. याच तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण. तिथलं खनिज बॅटरीच्या सेलमध्ये जातं. रात्री वीज गेली की नानांच्या टॉर्चचाच काय तो उजेड.

२०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी ठेवले. २०३३ पर्यंत किमान ५ भट्ट्या सुरू करायच्या आहेत. मी आधी 'लहान' म्हणजे केवढी ते पाहिलं. भाभा अणुसंशोधन केंद्राची एक भट्टी २०० मेगावॅटची आहे, आणि पहिली तारापूरला प्रस्तावित आहे.

तारापूरलाच १९६९ मध्ये अमेरिकेच्या कर्जातून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहिलं. दोन भट्ट्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. पुढे त्या १६० वर आणल्या. तेव्हा तेवढी भट्टी देशाचा अभिमान होती, आज तेवढीच लहान! नंतरच्या दोन भट्ट्यांसाठी मात्र अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, पुनर्वसनाचं भांडण हायकोर्टात गेलं.

बंद होणाऱ्या कोळशाच्या वीज केंद्रांच्या जागी या भट्ट्या बसवता येतील, असं सरकार म्हणतं. अशी जुनी केंद्रं आमच्या विदर्भात आहेत. नाना असते तर म्हणाले असते, 'बेटा, आधी गाववाल्यांना विचारलं का?'