आपण : एका सर्वनामाची कुळकथा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात. अशा वेळी निरोप येतो, ‘मुकादम म्हणाला, आपण उद्या निघणार.’ कोण निघणार? सगळी टोळी, की मुकादम एकटाच? पुढे ‘आहोत’ जोडलं तरी दोन्ही अर्थ शिल्लक राहतात. ‘आहात’ जोडलं तर तिसराच निघतो, आदराने म्हटलेला ‘तुम्ही’.

एका शब्दाच्या अंगावर एवढी कामं आली कुठून? ऋग्वेदात ‘स्वतःला’ म्हणायला ‘तनू’, म्हणजे शरीर, हा शब्द येतो. पुढच्या संस्कृतात ती जागा ‘आत्मन्’ने घेतली. प्राकृतात त्याचे ‘अप्पा’, ‘अप्पाण’ झाले आणि त्यातून ‘आपण’ आला. जुन्या मराठीत तर आत्मस्वरूपालाच ‘आपणपें’ म्हणत; ज्ञानेश्वरीत तो शब्द भेटतो. अंबाजोगाईत ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’, परंपरेने शके 1110 म्हणजे इ.स. 1188 चा, याच आत्मज्ञानाचा ग्रंथ. वेदान्त्यांचा आत्मा आणि ‘ज्याने त्याने आपलं ताट आपण घासावं’ यातला आपण, दोघे एकाच घरातले. मला या कुळकथेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

‘स्व’वरून तो ‘आपण सगळे’पर्यंत पोचला, त्यात शेजाऱ्यांचा हात असावा असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’, हा भेद तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे. कन्नडचा ‘तावु’ तर ‘ते स्वतः’ही होतो आणि आदरार्थी ‘तुम्ही’ही. मराठवाडा 1956 पर्यंत तेलुगू-कन्नड मुलखांसोबत हैदराबाद राज्यात होता. पण ही देवघेव त्याहून कितीतरी जुनी.

आपण असा वाटला गेल्यावर नेमकं बोट दाखवायला दुसरा शब्द हवाच होता. ‘त्याने आपल्याला आरशात पाहिलं’ म्हटलं की ऐकणारा घोटाळतो; ‘स्वतःला’ म्हटलं की प्रश्न मिटतो. इंग्रजीतही असंच घडलं. जुन्या इंग्रजीत ‘त्याला’ या एकाच सर्वनामाचा अर्थ ‘दुसऱ्याला’ही होई आणि ‘स्वतःला’ही. ‘सेल्फ’ तेव्हा नुसता जोर देणारा शब्द होता, आपल्या ‘मी स्वतः गेलो’मधल्या ‘स्वतः’सारखा. घोटाळा टाळायला तो सर्वनामाला चिकटवला गेला आणि पुढे तिथेच मुरला. ‘मी सेल्फ’चं (me self) ‘मायसेल्फ’ झालं, ‘हिमसेल्फ’ मात्र ‘हिम’च धरून राहिला. म्हणून ‘हिजसेल्फ’ का नाही, असं विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नये. त्याने बरोबर जागी बोट ठेवलेलं असतं. त्याच्या मराठीतल्या ‘स्वतः’ला पुरुष, लिंग, वचन काहीच आडवं येत नाही, मी, तू, ती, ते, सगळ्यांना तो एकच चालतो. इंग्रजीत मात्र दरवेळी कर्ता पाहून रूप बदलावं लागतं, आणि चूक नेमकी तिथेच होते.