कशेडीच्या अलीकडे-पलीकडे : निर्धन आरोपीचा वकील व त्याची तयारी

पोलादपूर मागे टाकून दक्षिणेस निघालेला वाटसरू कशेडीचा घाट ओलांडतो तेव्हा तो एक जिल्हा सोडून दुसऱ्यात उतरत असतो. अलीकडे रायगड, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा, पलीकडे रत्नागिरी. हा टापू आमच्या वाचकांस निराळ्या कारणांनी परिचित आहे. कवीन्द्र परमानंदाची समाधी पोलादपुरास आहे, व त्याचे ‘शिवभारत’ हाती घेतलेला अभ्यासक ह्या वाटेने एकदा तरी गेलेला असतोच. परंतु आजचा आमचा विषय काव्याचा नव्हे, कज्जाचा आहे. घाटात रात्री एखादा गंभीर अपराध घडला, तर अलीकडील प्रकरण माणगावच्या सत्र न्यायालयात जाते व पलीकडील खेडच्या. ज्याच्यावर आरोप आला त्याच्या पदरी पैसा नसेल, तर दोन्ही ठिकाणी न्यायालय त्यास वकील देते. हा वकील आपले काम शिकला कोठे, व त्याच्या शिक्षणाचा पुरावा कोणत्या कागदांत सापडतो, हे पाहण्याचा हा यत्न आहे.

प्रथम जुन्या दप्तराकडे वळू. मराठेशाहीच्या कागदांत ‘वकील’ हा शब्द पदोपदी भेटतो, पण तो दुसऱ्याच्या दरबारी पाठविलेला प्रतिनिधी होय. गोतसभेपुढे अथवा मजालसीपुढे अग्रवादी व पश्चिमवादी स्वतःच उभे राहत, स्वतःच तकरीर लिहून देत. गुन्हेगारीच्या प्रकरणांत तर आरोप आलेल्या मनुष्याच्या बाजूने युक्तिवाद करणारा धंदेवाईक कोणी नव्हता. त्याच्यासाठी दोन गोष्टी होऊ शकत: कोणी जामीन राही, किंवा कोणी वजनदार गृहस्थ रदबदली करी. रदबदली म्हणजे बचाव नव्हे. तीत पुराव्याची छाननी नसते, दयेची याचना असते. ज्यास असा गृहस्थ मिळाला नाही त्याचे काय झाले, हे निवाडपत्रे सांगत नाहीत.

इंग्रजी अंमलात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीअखेर, १८२७ साली, मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र झाले. त्यांतील दुसऱ्या कायद्याने वकिलांच्या सनदांची व्यवस्था लावली; तेरावा व चौदावा हे अनुक्रमे फौजदारी चौकशी व शिक्षा ह्यांविषयी होते. पुढे मुंबईस १८५५ साली सरकारी लॉ स्कूल निघाले आणि वकिलीच्या परीक्षा रूढ झाल्या. टिळकांनी पुण्यात ह्या परीक्षांसाठी वर्ग चालविला होता, ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. वर्ग चालविणारा हा पुरुष १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा वकील स्वतःच झाला व एकवीस तासांहून अधिक बोलला. त्याच्याजवळ विद्या होती, म्हणून हे शक्य झाले. परीक्षांत मात्र कायद्याचे ज्ञान तपासले जाई. तुरुंगात जाऊन भेदरलेल्या मनुष्याकडून त्याची हकीकत कशी काढावी, पंचनामा व पंचाची जबानी ह्यांतील फट कशी हेरावी, कोणता प्रश्न उलटतपासणीत मुळीच विचारू नये, ह्यांची परीक्षा कोणी घेत नसे. ती विद्या ज्येष्ठ वकिलाच्या ओटीवर, त्याची बस्ते वाहता वाहता मिळत असे. ज्यास असा गुरू लाभला नाही तो अशिलाच्या जिवावर शिकला.

१८९८ च्या फौजदारी संहितेच्या ३४० व्या कलमाने आरोपीस वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला. हक्क दिला, वकील दिला नाही. खुनाच्या खटल्यात मात्र निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील नेमून देण्याची वहिवाट पडली होती. ह्या कामाचे शुल्क तुटपुंजे, म्हणून ज्यांची वकिली चालत असे ते त्यास हात लावीत नसत आणि ज्यांची चालत नसे त्यांच्या वाट्यास ते येई. न्यायाच्या सर्वांत कठीण कामास सर्वांत कच्चा मनुष्य, असा हा उफराटा हिशेब होता. सरकारतर्फे उभा राहणारा अभियोक्ता ‘सरकारी वकील’, आणि आरोपीस सरकारी खर्चाने मिळणारा वकीलही लोकांच्या बोलण्यात ‘सरकारीच’. दोघे एकाच घरचे, असा ग्रह आरोपीचा होत असल्यास नवल नाही.

शुल्काविना व भयाविना काम करणारेही होते, हे नमूद केले पाहिजे. आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांवर १८७९ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहणे म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणे होते. सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, पुढे झाले. फडक्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली व १८८३ साली ते एडन येथे वारले. काका त्यापूर्वीच, १८८० साली निवर्तले होते. खटला जिंकला गेला नाही म्हणून त्या वकीलपत्राचे मोल कमी होत नाही.

बचावाची तयारी कशी असते ह्याचा एक नमुना खुद्द महाडास आहे, जरी तो दिवाणी दाव्याचा आहे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर तळे खाजगी असून अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादि आहे, असा दावा महाडच्या न्यायालयात त्याच साली दाखल झाला. प्रतिवादी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी होते. महाडास १९३१ साली, ठाण्यास १९३३ साली आणि मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी, असे तीनही वेळा वादी हरले. उच्च न्यायालयाच्या निकालाचे मर्म असे की, अनादि वहिवाट सांगणाऱ्याने ती सिद्ध केली पाहिजे, आणि वादींस ती सिद्ध करता आली नाही. आमच्या वाचकांस ह्यातील गोडी सांगावयास नको: जुनी वहिवाट शाबीत करण्याचा प्रयत्न, तळ्याची व सभोवारच्या वस्तीची पूर्वपीठिका, साक्षीदारांच्या आठवणी. इतिहाससंशोधनाचे जे साहित्य तेच येथे बचावाचे साहित्य झाले, व दहा वर्षे ते धीराने वापरले गेले.

ह्याच वकिलाने १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासमितीत जे कलम मांडले, त्यातून अटक झालेल्या मनुष्याचा आपल्या पसंतीच्या वकिलाशी सल्लामसलत करण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आला. ‘पसंतीचा वकील’ हे शब्द चांगले आहेत, परंतु ज्याच्याजवळ दमडी नाही त्याच्या पसंतीस अर्थ काय? १९५१ च्या तारासिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३४० व्या कलमाचा अर्थ असा लावला की, वकील आरोपीने मागावा. न्यायाधीशाने आपण होऊन देण्याचे बंधन नाही. इकडे मुंबई सरकारने न्या. नटवरलाल भगवती ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ सालीच कायदेविषयक साहाय्याचा विचार करण्यास समिती नेमली होती. त्यांचेच चिरंजीव न्या. प्रफुल्लचंद्र भगवती ह्यांनी पुढे ह्या चळवळीस देशव्यापी रूप दिले.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हा अनुच्छेद आला. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल कैद्याच्या हाती पडली नव्हती, न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी अपिलासाठी नक्कल व वकील विनामूल्य मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग ठरविला. १९८३ साली शीला बारसे ह्यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठडीतील स्त्रियांची स्थिती पुढे आली, व अटकेची वार्ता साहाय्य समितीस तत्काळ कळविण्याचा दंडक निघाला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात आरोपीस वकील मिळणेच दुर्घट झाले होते. त्याचे अपील फेटाळताना २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रथम हजर करताच आरोपीस वकिलाचा हक्क समजावून देणे व तो निर्धन असल्यास वकील देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. १८७९ च्या पुण्याची येथे आठवण होते. तेव्हा एका निर्भय मनुष्यावर जे अवलंबून होते, ते आता न्यायालयावर बंधनकारक झाले.

परंतु वकील देणे व तयार वकील देणे ह्यांतील अंतर किती घातक असते, हे खंडव्याच्या एका खटल्यावरून दिसते. बऱ्हाणपुराशेजारचे हे ठिकाण मध्यप्रदेशात आहे. आरोपीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याच्यासाठी नेमलेला वकील आलाच नाही. त्याच दिवशी दुसरा नेमला गेला, आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवला गेला. ह्या वकिलाने कागद केव्हा वाचले, आरोपीशी केव्हा बोलला? ४ मार्च रोजी फाशीची शिक्षा झाली. अवघे तेरा दिवस! १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले व दंडक घातला की, जेथे जन्मठेप अथवा फाशी होऊ शकते तेथे किमान दहा वर्षे वकिली केलेलाच मनुष्य नेमावा आणि त्यास तयारीसाठी सामान्यतः निदान सात दिवस द्यावेत. फेरचौकशीत तो मनुष्य २०२४ साली निर्दोष सुटला. पहिल्या तेरा दिवसांची भरपाई त्याने तुरुंगातील अकरा वर्षांनी केली.

२०२२ च्या योजनेने ह्या कामासाठी पगारी, पूर्णवेळ वकिलांची कचेरी निघाली. महाराष्ट्रात तिला ‘लोकअभिरक्षक कार्यालय’ म्हणतात, आणि हे नाव आम्हांस ‘सरकारी’ ह्या संदिग्ध विशेषणाहून पुष्कळ बरे वाटते. मुख्य लोकअभिरक्षकास फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव व सत्र न्यायालयातील निदान तीस खटले हवेत. उपलोकअभिरक्षकास सात वर्षे व वीस खटले. साहाय्यक मात्र तीन वर्षांच्या आतला नवशिकाही चालतो. ह्यांस खाजगी वकिली करता येत नाही. वरकरणी ही पगारांची श्रेणी दिसते, पण वस्तुतः ती जुनी ओटीच आहे: नवशिक्याने ज्येष्ठाच्या हाताखाली बसावे, त्याचे टाचण पाहावे, त्याच्याबरोबर तुरुंगात जावे. राष्ट्रीय प्राधिकरणाने वकिलांच्या प्रशिक्षणाचे पाठ तयार केले आहेत व त्यांची शिबिरेही होतात. आमचे मत असे की, शिबिरात कलमे शिकता येतात, हात बसतो तो ज्येष्ठाच्या सहवासात. आणि कचेरी जिल्ह्याच्या ठिकाणी असल्यामुळे हा सहवास घाटापर्यंत पोहोचण्यास वेळ लागणार. अलिबागचा कारागृह आंग्र्यांच्या काळच्या हिराकोटात आहे. पोलादपूरच्या आरोपीला भेटावयाचे तर शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागते, आणि घटनास्थळ पाहावयाचे तर तितकेच परत. जो वकील हे दोन्ही प्रवास करीत नाही त्यास पंचनाम्यातील वळण, दरड व उजेड केवळ शब्द म्हणून ठाऊक असतात.

आता मूळ प्रश्न, कागदांचा. निकालपत्रे छापली जातात व जपली जातात. वकिलाने केलेले टाचण, उलटतपासणीचे प्रश्न, समासात खोडलेला प्रश्न, आरोपीच्या भेटीची टिपणे, साक्षीदारांच्या जबान्यांची जुळणी, हे बस्ते वकील वारला की रद्दीत जातात. जी विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आली नाही तिची एकमेव लिखित साक्ष ह्या बस्त्यांत आहे. महाड, पोलादपूर, माणगाव व खेड येथील जुन्या वकिली घराण्यांच्या माळ्यांवर काही शिल्लक असल्यास संग्राहकांनी ते हाती घ्यावे. पोथी व सनद ह्यांपुढे ते क्षुद्र दिसेल. तसे समजू नये.

एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. अशिलाने वकिलास सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडू नये, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १२६ व्या कलमात होते व ते बंधन काम संपल्यावरही सुटत नसे. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात १३२ वे कलम तेच सांगते. सबब असे बस्ते मिळाल्यास प्रथम त्यांची यादी करावी: साल, न्यायालय, गुन्ह्याचा प्रकार, पृष्ठसंख्या. आरोपीचे, साक्षीदारांचे व पीडिताचे नाव यादीत येऊ देऊ नये, आणि घराण्याच्या लेखी संमतीवाचून मजकूर उतरून घेऊ नये. घाटातील प्रकरणाचा कागद शोधताना यादी दोन्ही बाजूंची पाहावी. गुन्हा ज्या वळणावर घडला त्यावरून न्यायालय ठरे, वकिलाच्या घरावरून नव्हे, आणि पोलादपूरच्या वकिलाचे टाचण खेडच्या एखाद्या माळ्यावर निघणे अशक्य नाही.