धनगरवाड्यावरचे कुडाचे घर

७. कुडाचे घर : राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवर गवळी धनगरांच्या वस्त्यांत पूर्वी सर्रास दिसणारे घर. मेढी आणि वासे रानातल्या लाकडाचे. भिंतींसाठी कारवीच्या काठ्या शेजारीशेजारी उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचे लिंपण देत. छप्पर गवताचे, पावसाळ्यापूर्वी नव्याने शाकारायचे. एकाच आढ्याखाली एका अंगाला म्हशी, दुसऱ्या अंगाला चूल, जाते आणि माणसे. म्हशींच्या उबेने आषाढातला गारठा सुसह्य होई. संसार दूधतुपावर चाले. लोणी-तूप डोक्यावरून बाजाराला न्यायचे आणि मीठ, कापड घेऊन घाट चढायचा. उतारावर नाचणी, वरी. दाजीपूरचे जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले, तेव्हापासून तिथल्या चराईवर आणि लाकूडतोडीवर बंधने आली. अमेरिकेतल्या वसाहतकारांची ओंडक्यांची काही घरे स्मारके म्हणून जपली गेली. कारवीचा कूड मात्र वाळवी आणि पावसापुढे फार काळ तग धरत नाही. कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयातल्या सिमेंटच्या शिल्पांचा भर शेतकरी-बलुतेदारांच्या गावगाड्यावर आहे. त्यावरून प्रस्तुत प्रकरणातल्या डोंगरवस्तीची कल्पना वाचकांनी करू नये. — संपादक